जुन्या क्लायंटसाठी सर्व्हरनं का वाकायचं?

महापेकर: रबाळ्याच्या युनिटमध्ये टेस्टिंग मशीनला एक एक्सपीवाला पीसी जोडलाय, त्यावर सबव्हर्जनचा (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) १.६ क्लायंट. गेल्या आठवड्यात सर्व्हर १.१४ वर गेला, सोबत ओएसही नवी. तेव्हापासून अपडेट बंद, एसएसएल हँडशेक, म्हणजे सुरक्षित जोडणीची पहिली बोलणी, फेल. आयटी म्हणते क्लायंट बदला. मशीनच्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीपुढे चालत नाही, बदलू काय? माझं मत, सर्व्हरवर टीएलएस १.० (एसएसएलच्या पुढची, पण जुनी आवृत्ती) परत चालू करा. एका ओळीचं काम आहे.

कोपरीकर: ओळ एक, पण दार सगळ्यांसाठी उघडं. टीएलएस १.० आणि १.१ इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद केलं. एका पीसीपायी सगळ्या टीमचा सोर्स कोड पणाला लावणार? आयटीचं बरोबर आहे.

महापेकर: मग १.० पासूनचा कुठलाही क्लायंट नव्या सर्व्हरशी बोलतो, ही सबव्हर्जनवाल्यांची हमी म्हणजे काय थाप?

ऐरोलीकर: थाप नाही हो. हमी सबव्हर्जनच्या बोलीची आहे, तुमचं अडलंय त्याखाली. जुन्या क्लायंटच्या पोटात बहुतेक ओपनएसएसएल ०.९.८ ही एनक्रिप्शनची लायब्ररी असणार, त्याला नवी ओएस मागते ते टीएलएस १.२ येतच नाही, ते ओपनएसएसएल १.०.१ पासून, म्हणजे २०१२ मध्ये आलं. सर्व्हरच्या आवृत्तीला उगाच शिव्या.

आणि एक सांभाळा. त्या पीसीचं फोल्डर शेअर करून कुणी १.७ किंवा पुढच्या क्लायंटनं 'अपग्रेड' दाबलं, तर वर्किंग कॉपीचा, म्हणजे पीसीवरच्या कामाच्या प्रतीचा, फॉरमॅटच बदलतो. मग १.६ ती उघडणार नाही. आमच्याकडे एकानं दाबलं होतं, त्याची दुपार त्यातच गेली.

माझा उपाय: अपाचेला, म्हणजे आताच्या वेब सर्व्हरला, हात लावू नका. त्याच रिपॉझिटरीवर शेजारी एसव्हीएनसर्व्ह (सबव्हर्जनचा स्वतःचा छोटा सर्व्हर) चालवा, फायरवॉलमध्ये पोर्ट ३६९० फक्त त्या पीसीच्या आयपीला. मशीनला प्रोग्राम खेचायचाच असतो ना? मग ऑथ-ॲक्सेस रीड, ॲनॉन-ॲक्सेस नन: लॉगिन केलेल्याला फक्त वाचता येईल, बाकीच्यांना काहीच नाही.

कोपरीकर: म्हणजे एनक्रिप्शनच नाही! टीएलएस १.० पेक्षा वाईट.

ऐरोलीकर: तारेवर उघडं, मान्य. पण एकाच तारेवर, आणि तीही आवारातली. पासवर्ड सीआरएएम-एमडी५ नं, म्हणजे एमडी५ हॅशनं झाकून, जातो, उघडा नाही.

कोपरीकर: एमडी५ चं कौतुक २००४ सालीच संपलं. तो पीसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या अलग कप्प्यात) टाकणार असाल तरच माझी हरकत नाही.

महापेकर: व्हीलॅन टाकला, आज चाललं. १.६ मध्ये रीलोकेट (सर्व्हरचा पत्ता बदलणं) ही वेगळी कमांडच नाही, 'स्विच'ला रीलोकेटचा पर्याय द्यावा लागतो. त्यातच अर्धा तास गेला. पण कमिट, म्हणजे बदल सर्व्हरवर चढवणं, नाही म्हणून ऑपरेटर कुरकुरतोय. त्याला मशीनवरच पॅरामीटर बदलायची सवय.

कोपरीकर: कुरकुरू दे.