घाटात इंजिनांची शर्यत लावली तर जिंकेल कोण? (कर्जत ते लोणावळा)

चढणवाला

टाईमपास प्रश्न आहे, पण जरा सिरियसली घ्या. समजा बोरघाट एक दिवस रिकामा करून दिला, कर्जतला सगळी इंजिनं ओळीने उभी केली आणि पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा असं करत लोणावळ्याला कोण आधी पोचतं ते बघायचं. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एंट्र्या अशा: विजेवरची वॅप-७, वॅप-५ (पॅसेंजरची), वॅग-७, वॅग-९ (मालगाडीची), मधेपुरा कारखान्याचं १२,००० हॉर्सपॉवरचं वॅग-१२, डिझेलमधून जुनं डब्ल्यूडीएम-२ आणि नवीन डब्ल्यूडीजी-४, आणि वाफेचं एखादं डब्ल्यूपी, ते असलंच पाहिजे. बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, कोणालाच नाही. माझे पैसे वॅग-१२ वर, एवढी हॉर्सपॉवर असल्यावर विषयच संपला ना?

कर्जतकर६२

विषय संपला नाही, सुरूच झाला नाही अजून, कारण तुम्ही मागे लोड किती ते सांगितलंच नाही. नुसती इंजिनं पळवलीत तर वॅप-५ ला सगळ्यात जास्त जोर, ७८ टन वजन आणि ५,४५० हॉर्सपॉवर, म्हणजे टनामागे ७० च्या आसपास, वॅग-१२ सुद्धा १८० टनांवर ६७ ला येऊन थांबतं. पण घाटातल्या वळणांवर स्पीड लिमिट आहे, तिथे सगळेच सारखे, मग शर्यत कसली.

लोड लावला की खरी मजा. हिशोब सोपा आहे: १:३७ ला दर टनामागे २७ किलोची ओढ नुसता चढ खातो, वर वळणं आणि घर्षण मिळून अंदाजे ५ किलो धरा, झाले ३२. वॅप-७ ची जास्तीत जास्त ओढ ३३ टनांच्या आसपास, म्हणजे ते स्वतःसकट साधारण १,०३० टन हलवू शकतं, त्यातले १२३ टन ते स्वतःच, उरले ९०० च्या आसपास. २२-२४ डब्यांची गाडी हजार-बाराशे टनांची असते! म्हणून मागे बँकर लागतात, इंजिन कमजोर आहे म्हणून नव्हे.

आणि हे कोरड्या रुळांवर. जुलैत या. रूळ ओला, त्यावर पाला-माती, पकड वजनाच्या पाचव्या भागावर आली तर वॅप-७ कडे २५ टनांच्या आतच ओढ उरते, म्हणजे मागे जेमतेम ६५० टन. हॉर्सपॉवर तेवढीच आहे, पण चाक फिरलं आणि गाडी जागेवर तर ती घेऊन करायचंय काय? म्हणून चाकांपुढे वाळू सोडतात.

थोडक्यात किती ओढणार ते चाकांवरचं वजन ठरवतं, आणि किती वेगात ते हॉर्सपॉवर. डब्ल्यूडीएम-२ ची पूर्ण ओढसुद्धा ३० टन आहे, वॅप-७ च्या फार मागे नाही, पण २,६०० हॉर्सपॉवरमुळे ती ओढ २० च्या स्पीडपर्यंतच टिकते, वॅप-७ तीच ५० च्या आसपास देतं. लोड बेताचा असेल तर डिझेल पोचेल, पण तोपर्यंत वॅप-७ वाल्यांची जेवणं होऊन हात धुवून झालेले असतील.

तात्या_डिझेल

डिझेलला इतकं हिणवू नका हो. ब्रगांझा घाटात, कुळे ते कॅसलरॉक, तिथेही १:३७ च आहे आणि वर्षानुवर्षं डिझेलनेच ओढलंय सगळं, मालगाडीला मागून ढकलणारी डब्ल्यूडीजी-४ दूधसागरच्या धबधब्यासमोरून वर जाताना ज्याने ऐकलीत त्याला हॉर्सपॉवरचे आकडे सांगू नका. त्याची सुरुवातीची ओढ ५४० किलोन्यूटन आहे, म्हणजे ५५ टन, वॅप-७ पेक्षा कितीतरी जास्त. माझं मत त्याला. स्पीड नसेल, नसू दे.

वाफेच्या डब्ल्यूपी बद्दल मात्र आधीच सांगतो, ते पहिल्याच वळणाला बाद. ते पॅसेंजरसाठी सपाटीवर पळायला बनवलेलं, पुढे चार आणि मागे दोन चाकं नुसती आधाराला, ओढणारी चाकं सहाच, आणि वर कोळसा-पाण्याचा डबा (टेंडर) ओढायचा तो वेगळाच. म्हणजे स्वतःच्या वजनातला मोठा हिस्सा कामाचाच नाही.

फलाट_नं_शून्य

चढणवाला, ही शर्यत खरोखर झालेली आहे, आणि ती पण १८५१ साली! ऑस्ट्रियात सेमरिंगच्या डोंगरातून रेल्वे काढत होते, इंजिनियर गेगा म्हणत होता साध्या इंजिनाने चढता येईल, बाकीचे म्हणत होते दोरखंडाने ओढावं लागेल. मग सरकारने २०,००० डुकाटचं (सोन्याची नाणी) बक्षीस लावून इंजिनांची चाचणी घेतली. चढ १:४०, मागे १४० टनांच्या आसपास लोड, आणि वेग ताशी ११-१२ किलोमीटर राखायचा, बस्स. चार इंजिनं आली, बव्हेरिया, वीनर नॉयश्टाट, बेल्जियमचं सेरँ आणि विंडोबोना. चारही पास झाली, पहिला नंबर म्युनिकच्या बव्हेरियाचा.

कर्जतकरांचा मुद्दा तिथे डोळ्यांसमोर दिसतो. बव्हेरियावाल्यांनी टेंडरची चाकंसुद्धा साखळ्यांनी इंजिनाला जोडली होती, म्हणजे तात्या म्हणतात तो टेंडरचा फुकटचा भार पण पकडीत आला! फक्त त्या साखळ्या रोजच्या कामात टिकेनात. जिंकलेलं इंजिन घाटात कामाला लागलंच नाही, नंतर एंगर्थ नावाच्या माणसाने चौघांच्या आयडिया बघून वेगळं इंजिन काढलं आणि ते चाललं. आपला बोरघाट त्यानंतर १८६३ ला सुरू झाला, तो पण १:३७ ने, म्हणजे सेमरिंगपेक्षा कडक.

चढणवाला

बापरे, हे माहितीच नव्हतं. ठीक आहे, नियम बदलतो: मागे १,००० टन, पावसाळा, आणि मंकी हिलच्या अलीकडे चढावरच सिग्नल लाल, थांबून परत सुटायचं. आता सांगा. आणि वंदे भारत घ्यायची का?

कर्जतकर६२

लाल सिग्नल टाकून तुम्ही निम्मी पोरं नापास केलीत 😂 चढावर थांबून सुटणं हा घाटाचा खरा पेपर आहे. वॅग-७ वर जुन्या पद्धतीच्या डीसी मोटारी, एक चाक सटकलं की ड्रायव्हरने नॉच (पॉवरची पायरी) मागे घ्यायचा, परत हळूहळू चढवायचा. वॅग-९ आणि वॅप-७ नव्या थ्री-फेज मोटारींची, चाक सटकायला लागलं की कॉम्प्युटरच ओढ कमी करतो, ड्रायव्हरला कळायच्या आत. तरी पाचव्या भागाच्या पकडीवर १,००० टन एकट्याने यातलं कोणी काढणार नाही, तात्यांचं डब्ल्यूडीजी-४ पण नाही, ५५ टन ओढ कोरड्या रुळावरची, वजन १२६ टनच आहे. वॅग-१२ ला १८० टन वजनामुळे साडेनऊशेपर्यंत जमेल, म्हणजे वाळू नीट पडली तर तेच जिंकेल. तुमचे पैसे वाचतील, पण ते १२,००० हॉर्सपॉवरमुळे नाही, आठ एक्सलमुळे (चाकांच्या जोड्या), सगळं वजन त्यांच्यावर.

वंदे भारत इंजिन नाही, एंट्री रद्द. पण २०२३ पासून सोलापूरवाली बँकरशिवाय हाच घाट चढते, कारण निम्म्या एक्सलना मोटार आहे, गाडीचं निम्मं वजन पकडीला.

टेंभा_घेऊन_आलो

सगळे आले आणि खेकडा कोणालाच आठवला नाही? १९२८ चं डब्ल्यूसीजी-१, डीसी विजेचा जमाना गाजवलेलं, दोन तुकड्यांत वळणारं, खाली वाफेच्या इंजिनासारखे दांडे. हॉर्सपॉवर फक्त २,६००, पण सहाही एक्सल ओढणारे आणि तीन-तीन दांड्याने जखडलेले, एकटं चाक सटकूच शकत नाही, सटकायचं तर तिघांनी मिळून. लाल सिग्नलच्या पेपरात याला कॉम्प्युटरशिवाय पास करून दाखवतो, लोड फक्त कमी द्या.

आणि शर्यत फक्त वर जाण्याचीच का? उतरताना ब्रेक धरायची घ्या. खेकड्याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग होतं, उतरणारी गाडी वायरमध्ये करंट परत टाकायची आणि समोरून चढणारीला तो मिळायचा. त्यात तुमचं डब्ल्यूडीएम-२ कुठे बसतं सांगा तात्या.

तात्या_डिझेल

डायनॅमिक ब्रेक आहे की त्याला! करंट परत देत नाही एवढंच, रेझिस्टरच्या जाळीत उष्णता करून हवेत सोडतं. घाटात थंडी असते, तेवढीच ऊब 😄

नेरळ-माथेरानची नॅरोगेज पण घ्या कोणीतरी, १९०७ पासून १:२० चढतेय, तिच्यापुढे तुमचा १:३७ म्हणजे सपाट रस्ता. निलगिरीवाल्यांना मात्र घेऊ नका, १:१२ ला रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी टाकून चढतात, ती चीटिंग.