अनुभव धागा : फायलींना लागलेलं 'कूट' आणि तुमचे किस्से

झांकीवाली
दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून श्रीखंडाचा जुना डबा खाली काढला, तर आत जुनी हार्डडिस्क. वरच्या पट्टीवर माझंच अक्षर : 'नोव्हें. २०१९. फेकू नये. लावूही नये.' तिथेच शिडीवर बसून राहिले.

झालं होतं असं, की भाच्याचं लग्न ठरलं आणि पत्रिका घरीच करायच्या म्हणून चिरंजीवांनी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे फुकटात चालणारी चोरटी प्रत, उतरवला. मधेच विंडोज अपडेट होतंय अशी खिडकी आली, म्हणून मी निवांत पोळ्या लाटायला गेले. परत येऊन बघते तर प्रत्येक फाईलच्या नावाला शेवटी 'कूट' लागलेलं. सी, ओ, ओ, टी. मला वाटलं मुलाने गंमत केली. शेंगदाण्याचं कूट असावं तसं सगळ्यावर भुरभुरलेलं, फोटो, पत्रं, पीडीएफ, सगळं. शिवाय प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. म्हणजे तेव्हाचे साधारण ३५ हजार. तेवढ्यात पत्रिका छापून, वर जेवणाची एक पंगत उठली असती.

रॅन्समवेअर म्हणतात ते हेच, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. पैसे दिले नाहीत. संगणक फॉरमॅट केला, पण बिघडलेल्या फायली या डिस्कवर उतरवून ठेवल्या. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्यात बाबांची रेकॉर्डिंग्ज आहेत. छोट्या व्हॉइस रेकॉर्डरवर त्यांना बोलतं केलं होतं, इंदूरच्या मिलचे दिवस, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, रात्रभर चालणारं काम. बाबा २०२१ मध्ये गेले.

तुमच्याकडे असं कुणाचं झालंय का? काही परत मिळालं का? लिहा. मी मधेमधे येते, चकल्यांचं पीठ भिजलंय.

जीरावण_जास्त
श्रीखंडाचा डबा एक किलोचा की अर्ध्याचा? आमच्याकडे त्यात सुई-दोरा असतो. हार्डडिस्क पहिल्यांदाच ऐकली

सियागंज_खातेवही
आमचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, असंच गेलं होतं. मसाल्याच्या आडतीवर मुनीमगिरी करतो. शेठला घरून हिशेब बघायचे होते, म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून मशीन चालवायची सोय, उघडून दिला, तोही सरळ इंटरनेटवर, ३३८९ च्या पोर्टवर. पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३. रविवारी रात्री कोणीतरी आत शिरलं. सोमवारी कुलूप उघडलं तर प्रिंटरमधून चिठ्ठ्यांचा ढीग.

बॅकअप होता, असं नाही की नव्हता. एक डी ड्राइव्हवर आणि एक पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह त्याच मशीनला महिनोन्महिने खोचलेला. दोन्ही गेले. शेठ म्हणाले, तुम्हीच तर सांगत होतात बॅकअप आहे. काय उत्तर देणार!

वाचवलं ते सीए साहेबांच्या ऑफिसने. ऑडिटसाठी मार्चअखेरची प्रत त्यांच्याकडे गेलेली. पुढचे ५ महिने पुन्हा बसवले : विक्री जीएसटी पोर्टलवरच्या आमच्याच जीएसटीआर-१ वरून, खरेदी जीएसटीआर-२ए वरून, बँक स्टेटमेंट, आणि उधारी शेठच्या लाल वहीतून. त्या वहीची मी वर्षानुवर्षं चेष्टा करायचो. आता उचलून नीट ठेवतो.

होस्टेल_बारा
ताई ती अपडेटची खिडकी नकली असते. मागे फायली बंद व्हायचं काम चालू असतं, आपण वाट बघत बसावं म्हणून ती दाखवतात. माझ्या लॅपटॉपवर सेम. वर अँटीव्हायरसच्या साईट उघडेनात, मला वाटलं होस्टेलचं वायफाय. नंतर कळलं की ते होस्ट्स नावाच्या फाईलमध्येच त्या साईटची नावं अडवून ठेवतं. सगळं मोबाईलवर शोधावं लागलं.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. फायली गेल्या ते दिसलं, पण सोबत पासवर्ड चोरणारं अजून एक आलं होतं. ८ दिवसांनी माझ्या इन्स्टावरून सगळ्या मित्रांना क्रिप्टोत पैसे गुंतवा म्हणून मेसेज. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले समजा. ते बदलायचे पण दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून.

जीरावण_जास्त
स्वच्छतेत देशात पहिलं शहर आणि मशीन मात्र

होस्टेल_बारा
हा जोक येणारच होता 🙏 कचरागाडीचं गाणं पण टाका आता

सुदामानगर_आजी
मला ह्यातलं काही कळत नाही पण वाचून राहिले आहे. आमच्या ह्यांना परवा फोन आला होता, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, पोलिसांतून बोलतो, कॅमेऱ्यासमोरून उठू नका. हे म्हणाले मला पोह्याला जायचंय, आणि ठेवला फोन. हे त्यातलंच का?

झांकीवाली
आजी, ते वेगळं, पण चोर त्याच जातीचे. काकांना दंडवत!

सिल्व्हरमॉलचा_पेचकस
भिया लोकं, आज कबुली देतो. २०१५ चा डिसेंबर, दुकान नवीन. एक फोटो स्टुडिओवाले काका पीसी घेऊन आले, सगळ्या फायलींना शेवटी तीन व्ही. लग्नसराईचे फोटो होते, काही पार्ट्यांना द्यायचे बाकी. मी सांगितलं, काही होत नाही, फॉरमॅट मारतो. मारला. ५०० रुपये घेतले. तीन व्ही लावणारा तो टेस्लाक्रिप्ट नावाचा रॅन्समवेअर. मे २०१६ मध्ये त्या टेस्लाक्रिप्टवाल्यांनी स्वतःच दुकान बंद केलं. ईसेट या अँटीव्हायरस कंपनीच्या एका माणसाने त्यांच्याच मदतीच्या खिडकीत जाऊन मास्टर चावी मागितली आणि त्यांनी ती चक्क जाहीर करून टाकली, वर सॉरी. ज्यांनी बिघडलेल्या फायली जपल्या होत्या त्यांच्या उघडल्या. काकांकडे उघडायला काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून मी फॉरमॅटच्या आधी डिस्कची पूर्ण प्रत काढतो, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी.

ताई, तुम्ही डब्यात ठेवलंत ते लाख मोलाचं. आता बघा. तुमचा हा स्टॉप डीजेव्हीयू म्हणतात त्या कुळातला आहे, 'कूट' त्यातलंच एक पिल्लू. रीडमीच्या चिठ्ठीत खाली तुमचा पर्सनल आयडी असेल. त्याची शेवटची दोन अक्षरं सांगा. टी आणि १ असेल तर नशीब. म्हणजे त्या वेळी ह्याला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही आणि त्याने सोबत आणलेली तीच एक ऑफलाइन चावी वापरली. ती चावी एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या फुकट डिक्रिप्टरमध्ये, म्हणजे कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असेल तर फायली उघडतात. दुसरं काही असेल तर चावी फक्त तुमच्यासाठी बनलेली, ती त्यांच्याकडेच.

आणि डिस्क लावाल ती स्वच्छ मशीनला, आधी सगळ्याची कॉपी, प्रयोग कॉपीवर.

बडोदेकर_सून
माहेर लोकमान्य नगर, सासर बडोदा. आमचे फोटो गूगल ड्राइव्हवर होते म्हणून मी बिनधास्त. तर ड्राइव्हने बिघडलेल्या फायलीच इमानदारीने वर चढवल्या. घरात आग लागली आणि शेजाऱ्यानेही ती प्रेमाने घरी नेली, तसं. जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात तिथे, त्यामुळे वाचलो, पण एकेका फाईलवर जाऊन मागची आवृत्ती आणायची. दोन रात्री तेच. नवरा म्हणे महत्त्वाचे तेवढेच कर. मुलीचा कुठला फोटो बिनमहत्त्वाचा, सांगा.

पेचकसदादा, विंडोज स्वतःच जुन्या प्रती ठेवतं, शॅडो कॉपी की काय म्हणतात, त्यातून फायली मिळतात ना?

सिल्व्हरमॉलचा_पेचकस
मिळायच्या. आता आल्याआल्या पहिलं काम तेच करतात, शॅडो कॉपी पुसून टाकायच्या. तरी बघावं, कधीकधी अर्धवट राहतं.

निवृत्त_कॅशियर
१२ मे २०१७, शुक्रवार. संध्याकाळी टीव्हीवर वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरची बातमी. सोमवारी शाखेत आलो तर वरून निरोप, सांगेपर्यंत एकही मशीन चालू करायचं नाही. काउंटरसमोर रांग, आम्ही चहा पिऊन राहिलो. एक आजोबा म्हणाले, १९७० साली तर पेनाने चालायचं. मी म्हटलं, काढा पेन, पण पासबुक छापायला मशीन लागतं. आमच्याकडे काही शिरलं नव्हतं, नुसती धास्ती. त्याचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, लोकांनी लावला नव्हता एवढंच. आणि ते पसरणं थांबलं कशाने, तर एका इंग्रज पोराने त्यात दिसलेला एक अगम्य वेब पत्ता दहाएक डॉलर देऊन आपल्या नावावर केला! तो पत्ता जागा आहे असं दिसलं की ते गप्प बसायचं.

सियागंज_खातेवही
कॅशियर साहेब, शेठने तर आधी पैसे द्यायचं ठरवलं होतं. मधे एक 'रिकव्हरी एक्सपर्ट' भेटला, शंभर टक्के गॅरंटी, १८ हजार अॅडव्हान्स. दोन फायली उघडून दाखवल्या पण. मग फोनच उचलेना.

सिल्व्हरमॉलचा_पेचकस
एकदोन फायली तर चोर स्वतःच फुकट उघडून देतात, नमुना म्हणून. त्याने त्याच चोरांकडून उघडवून तुम्हाला दाखवल्या असतील. नो मोअर रॅन्सम नावाची साईट आहे, युरोपोल आणि डच पोलिसांनी दोनेक कंपन्यांना घेऊन २०१६ मध्ये काढलेली. चिठ्ठी आणि एक फाईल तिथे टाका, कोणता आहे आणि इलाज आहे का ते फुकटात सांगते. तक्रार १९३० वर, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

झांकीवाली
शेवटची अक्षरं टी१ नाहीत 😔 सगळ्या चिठ्ठ्या बघितल्या. डिक्रिप्टर पण नाही म्हणतो.

बडोदेकर_सून
अगं ताई 🫂

सिल्व्हरमॉलचा_पेचकस
थांबा. रेकॉर्डिंग कशात आहे? एमपीथ्री असेल तर हा डीजेव्हीयू फाईलचा फक्त पुढचा भाग बिघडवतो, साधारण १५० केबी. घाईत असतो ना, सगळी डिस्क उरकायची असते. छोट्या पत्राचा त्यात जीव जातो, पण तासाभराच्या रेकॉर्डिंगचं नुसतं तोंड जातं. १२८ केबीपीएसच्या दराने धरा पहिले १० सेकंद. कॉपी घ्या, नावातलं कूट पुसा, व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा. फोटोंचं किचकट आहे, त्यांचं डोकंच उडालेलं असतं. त्याच कॅमेऱ्याच्या चांगल्या फोटोचं डोकं जोडून काही निघतात. पण आधी आवाज.

जीरावण_जास्त
ताई लावलं का

जीरावण_जास्त
चकल्या राहू द्या ओ

सुदामानगर_आजी
पीठ जास्त वेळ राहिलं तर चकली तुटते. गरम तेलाचं मोहन थोडं वाढवून पुन्हा मळ, मग पाड.

झांकीवाली
वाजलं.

आधी खरखर, मग एकदम मधूनच, '...आणि बल्ब गेला की शिडीवर मलाच चढवायचे, सगळ्यात हलका मी'. मागे आमचा जुना पंखा, आणि आई चहा विचारतेय. ४० मिनिटं आहे. सुरुवातीला माझा प्रश्न होता, तोच गेलाय. काय विचारलं होतं ते आठवत नाही. दुसरी फाईल पण वाजते. तिसरी लावली नाही अजून, मुलगा घरी येऊ दे.

पेचकसदादा, दुकान कितव्या मजल्यावर? चकल्या पोचवते. आजींच्या मोहनाने नीट झाल्या तर.

सिल्व्हरमॉलचा_पेचकस
आधी तिन्हीच्या दोन कॉप्या करा, एक घराबाहेर ठेवा. मग मजला सांगतो

जीरावण_जास्त
आणि श्रीखंडाचा डबा?

झांकीवाली
फोटो त्यातच परत ठेवले. पट्टी बदलली. 'लावूही नये' खोडलं.