नाव टाकूनच लिहा म्हणे (हिंदवाडी, बेळगाव, सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी काका: सर्वांना सूचना. टँकरच्या खर्चावर लिफ्टशेजारी कोणीतरी बिननावी चिठ्ठी लावली आहे. यापुढे तक्रार नाव, फ्लॅट नंबरसह करावी. ग्रुपवर ज्यांचे नाव दिसत नाही, त्यांना काढण्यात येईल.

जोशी काकू: बरोबर. हिंमत असेल त्यानं नाव लिहावं.

सुहास: काकू, चिठ्ठीतला आकडा खोटा आहे काय, ते सांगा की आधी.

सेक्रेटरी काका: आकड्याचा विषय नाही. आता कायदाच यायलाय, निनावी लिहिणं बंद. डिसेंबरात इथंच सुवर्ण विधानसौधात पास झालंय.

वैशाली (वकील): काका, ते कर्नाटक सरकारचं द्वेषपूर्ण भाषणाचं विधेयक, २०२५ चं. टोपणनावाचा त्यात विषय नाही. काळजीचं वेगळंच आहे. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा ७ वर्षांपर्यंत, आणि मजकूर काढायला लावायचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याकडे. बोललेलं द्वेषाचं की नुसतं कडू, हे पहिल्यांदा तोच ठरवणार.

मंजुनाथ अण्णा: ते खरं ताई. पण १ नोव्हेंबर, आमचा राज्योत्सव न् तुमचा काळा दिवस, जवळ आला की फेक अकाउंटवरून काय काय घाण लिहितात, तुमच्या भाषेला, आमच्या भाषेला. त्यांना मोकळं सोडायचं काय?

वैशाली: मोकळे कुठं आहेत अण्णा? सिम ओळखपत्राशिवाय मिळत नाही, पोलीस नंबरवरून माग काढतात. केंद्राच्या २०२१ च्या आयटी नियमांत तर मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्यायची अट आहे. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलंय. टोपणनाव पोलिसांपासून फारसं लपवत नाही. लपवतं ते शेजाऱ्यापासून, साहेबापासून.

सुहास: आमचे मामा राज्य सरकारच्या नोकरीत. सीमाप्रश्नावर जेवताना तासभर बोलतात, फेसबुकवर नावानं एक ओळ लिहिणार नाहीत.

आप्पा: आणि नाव लिहून कुठं धड होतंय? पालघर, २०१२. बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या बंदवर एका पोरीनं स्वतःच्या नावानंच पोस्ट लिहिली, मैत्रिणीनं नुसतं लाईक केलं. दोघींना अटक.

वैशाली: त्यात लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ ला रद्द केलं. आणि दक्षिण कोरियानं २००७ पासून मोठ्या वेबसाइटवर ओळख पटवायची सक्ती केलेली. २०११ ला एका कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी त्यांच्या घटना न्यायालयानं ती सक्ती एकमतानं मोडीत काढली.

जोशी काकू: कोरिया राहू दे गं. आपल्या बिल्डिंगमध्ये कसली भीती?

ए-१०४: काकू, चिठ्ठी मी लावली नाही. लावली असती तर नाव लिहिलं नसतं. अकरा महिन्यांचा करार आहे, घरमालक कमिटीवर आहेत.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग दोन अंगठे, एक हात जोडलेला.)

सेक्रेटरी काका: माझं पण ऐका. उद्या बिननावी नंबरावरून कुणीतर काय टाकलं, तर ॲडमिन म्हणून पोलीस माझ्याकडं येणार.

वैशाली: नुसता ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मेसेजचा गुन्हा त्याच्यावर येत नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. दोघांचा संगनमतानं उद्देश असेल तर गोष्ट वेगळी.

सेक्रेटरी काका: त्याची प्रत पाठव बाई तेवढी. कमिटीतले दोघे मला रोज घाबरवायलेत.