इन्ट्रा की बोलेरो पिकअप? तुर्भे ते गिरगाव, रोजचा कांदा-बटाटा

खेतवाडीकर
मंडळी, पहिलीच गाडी घेतोय आणि घरात दोन तट पडलेत. काम असं: पहाटे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून माल उचलायचा आणि दादर, लालबाग करत गिरगावपर्यंतच्या खानावळी-हॉटेलांना टाकायचा. एरवी टनभर, सणासुदीला जास्त. आजवर भाड्याच्या टेम्पोवर भागवलं, पण गणपतीच्या दिवसांत टेम्पोवाला सांगेल तो दर आणि येईल ती वेळ.

नजरेत दोन गाड्या आहेत. टाटा इन्ट्रा व्ही३० आणि महिंद्रा बोलेरो मॅक्स पिकअप सिटी १.३. दोन्ही डिझेल, दोन्हींचा पेलोड, म्हणजे नेता येणारं वजन, १३०० किलो. पन्नासच्या गोणीने मोजलं तर २६ गोणी. माझा कल इन्ट्राकडे. थोरला भाऊ म्हणतो, पैसे घालायचेच तर पिकअप घे, इन्ट्रा म्हणजे सूट घातलेला छोटा हत्ती. मुद्दे द्या, विरोधातले असले तरी चालतील.

पाना_१४_नंबर
मेकॅनिक आहे, कुर्ल्याला. थोरल्याचं ऐका.

ब्रोशरमध्ये दोघांची ताकद सारखीच दिसेल, सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर. गिऱ्हाईक तेवढंच वाचतं. टॉर्क बघा, म्हणजे इंजिनाची खेच. इन्ट्राला १४० न्यूटन-मीटर, पिकअपला २००. इंजिन एकाचं १४९६ सीसी, दुसऱ्याचं २५२३. हॉर्सपॉवर मोकळ्या रस्त्यावर कामाला येते. तुमचं काम भरल्या गाडीने सिग्नलला थांबणं आणि परत उचलणं. कमी टॉर्कची गाडी लोडमध्ये उचलायची तर ड्रायव्हर हाफ क्लचवर खेळत राहतो, आणि क्लच प्लेट बदलायला तुम्ही आमच्याकडे येता. माझा फायदाच आहे, तरी सांगतोय.

दुसरं, पिकअपचं इंजिन पुढे बॉनेटखाली. बॉनेट उघडलं की उभ्या-उभ्या हात घालता येतो. इन्ट्राचं सीटखाली. भर रस्त्यात बंद पडली तर आधी केबिन रिकामी करा, मग सीट उचला, मग बघा काय झालंय.

हौदावाली
दादा, तुम्ही रस्त्यावरून बोलताय, मी गल्लीतून बोलते. आमचं केटरिंगचं सामान रोज गिरगाव, ठाकूरद्वार, भुलेश्वर भागात जातं. तिथे दोन्ही बाजूंना बाइक लावलेल्या, मध्ये हातगाडी, आणि समोरून टॅक्सी आली की कोणीतरी मागे घ्यायचं. तिथे २०० टॉर्कचं काय करायचं?

इन्ट्राची लांबी ४४६० मिलीमीटर, म्हणजे साडेचार मीटरपेक्षा किंचित कमी. त्यात मालाचा हौदा २६९० मिलीमीटरचा. नाक नसल्यामुळे लांबीचा बराचसा भाग मालाला मिळतो. वळणाची त्रिज्या सव्वापाच मीटर. पिकअपला पुढे बॉनेट आहे, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी वळताना ड्रायव्हर आधी नाक बाहेर काढणार, मग त्याला दिसणार पलीकडून काय येतंय. ज्या गल्लीत इन्ट्रा एका दमात वळते तिथे लांब गाडीला पुढे-मागे करावं लागतं, आणि तेवढ्यात मागे हॉर्नांची आरती सुरू होते.

पिकअपच्या बाजूने एक गोष्ट खरी. हौदा रुंद आहे, १७०० मिलीमीटर. इन्ट्राचा १६०७. आडव्या गोणी लावताना हे नऊ सेंटिमीटर कळतात.

पाना_१४_नंबर
ताई, बॉनेटचा अजून एक उपयोग असतो. समोरून काही आदळलं तर आधी ते चेपतं, नंतर ड्रायव्हरचे गुडघे.

हौदावाली
हे मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गाळा_कांदा
तुर्भ्यातच बसतो, म्हणून मार्केटच्या बाजूचं सांगतो. आधी ते २६ गोणी डोक्यातून काढा. पेलोडमध्ये हेल्पर येतो, ताडपत्री येते, वजनकाटा येतो, कोणीतरी ‘एक लसणाची गोणी टाक रे’ म्हणतो तीही येते. चोवीस धरा.

भरताना गाडीची उंची फार नडत नाही, माथाडी कामगार सराईत असतात. उतरवताना मात्र हॉटेलच्या मागच्या दाराशी तुम्ही आणि तुमचा हेल्पर, दोघंच. पिकअपची चाकं १५ इंची, इन्ट्राची १४ इंची. पिकअपचा हौदा वर असतो, आणि फाळका पाडून गोणी खांद्यावर घेताना तो फरक कंबर सांगते. दहा-बारा ठिकाणी उतरवायचं असेल तर याचा विचार करा.

गॅसलाइन
२०२५-२६मध्ये मुंबईत नवीन डिझेल कोण घेतं? हायकोर्टाने जानेवारी २०२५मध्ये पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितलंय. सरकारने समितीही नेमली. उद्या काही निघालं तर डिझेल गाडी कोण विकत घेणार? इन्ट्राचीच व्ही२० बघा, सीएनजीवर चालते आणि पाच लिटर पेट्रोलची टाकीही आहे.

गाळा_कांदा
व्ही२०चा पेलोड १००० किलो. वीस गोणी. त्यांचा रोजचाच माल टनभर आहे, सणाला दुसरी फेरी मारायची का? आणि सहा वाजता माल दादरला पोचवायचा असताना पंपावर रिक्षांच्या मागे उभं राहायचं?

गॅसलाइन
पंपावर रात्री जायचं. सगळं पहाटेच कशाला?

पाना_१४_नंबर
सीएनजी वाईट नाही, पण पेलोड कमी आणि चढावर खेच कमी. डिझेलच घ्यायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवा, कुठलीही कंपनी असो. बीएस ६ डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते. ती जळायला एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो. जी गाडी दिवसभर रांगत, दोन किलोमीटर जाऊन बंद करत चालते, तिचा डीपीएफ चोंदतो. ही काजळी जळणं, म्हणजे रीजनरेशन, चालू असताना लोक चावी काढून चहाला जातात, मग दिवा लागला म्हणून आमच्याकडे येतात. तुम्हाला हा त्रास कमी होईल, कारण पहाटे तुर्भ्याला जाताना रस्ता मोकळा असतो, गाडी सलग पळेल. फक्त मध्ये बंद करू नका.

हिशेबनीस
इंजिनावर सगळे बोलतायत, कागदांवर कोणीच नाही.

मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८वर आलाय. हातात जुनं कोटेशन असेल तर फाडून नवीन घ्या. शोरूमवाला म्हणेल, ‘जीएसटी भरलेला परत मिळतो, इनपुट क्रेडिट आहे.’ मालवाहू गाडीवर ते मिळतं, बरोबर आहे. पण ताज्या कांदा-बटाट्यावर जीएसटीच नाही, आणि माफ असलेल्या मालाच्या धंद्यासाठी घेतलेल्या गाडीवर क्रेडिट मिळत नाही. तो फायदा धरून हप्ता बसवू नका.

परमिट: मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. इन्ट्रा व्ही३०चं २५६५ आहे, आरामात आत. पिकअपच्या बाबतीत नेमक्या व्हेरियंटचा आकडा कोटेशनवर लिहून घ्या. ‘सिटी’ बघायला गेलेल्या माणसाला सेल्समन हळूच जास्त वजनाच्या ‘एचडी’कडे सरकवतो.

लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, चालेल. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळं लायसन्स लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये पक्कं केलंय. पासिंग, म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा, नंतर दरवर्षी.

डबल_पाटा
एवढा कायदा कोण बघतो? पिकअपला मागे स्प्रिंगचा जास्तीचा पाटा टाका आणि दोन टन घाला. सगळे घालतात. इन्ट्रावर घालून दाखवा, कंबर मोडेल. पिकअप लोक का घेतात ते ब्रोशरमध्ये कधीच लिहिलेलं नसतं.

हिशेबनीस
२०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४मध्ये ओव्हरलोडला २०,००० दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. जादा माल तिथल्या तिथे उतरवायला लावतात तो वेगळा. मानखुर्दच्या कडेला सकाळी सात वाजता कांद्याच्या चौदा गोणी घेऊन उभे राहा आणि हॉटेलवाल्याचा फोन उचला.

डबल_पाटा
पकडतात कितींना?

हौदावाली
अपघात झाला की विमा कंपनी पहिलं तेच विचारते, भाऊ. तिथे ‘सगळे घालतात’ चालत नाही.

खेतवाडीकरचा_थोरला
मीच तो थोरला. धाकट्याने अर्धीच गोष्ट सांगितली, म्हणून लिहितोय. गाव जुन्नर तालुक्यात. ओतूरला कांद्याचा बाजार आहे. २०१६पासून राज्यात फळं-भाजी बाजार समितीबाहेर विकायला-घ्यायला मोकळीक आहे. तुर्भ्याला दलाली आणि हमाली देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा थेट गावाहून माल आणायचा, माळशेज घाटातून. घाटात भरलेली इन्ट्रा नेऊन दाखवा मग बोलू. आणि विकायची वेळ आली तर पिकअपला गावाकडे गिऱ्हाईक लगेच मिळतं. इन्ट्रा घेणारा शेतकरी शोधावा लागतो.

पाना_१४_नंबर
घाट असेल तर विषय संपला. पिकअप. माळशेजला पावसाळ्यात धुकं, वर भरलेली गाडी आणि पुढे ऊस नेणारा ट्रॅक्टर. तिथे २०० टॉर्क म्हणजे चैन नव्हे.

गाळा_कांदा
ऊस आणि पावसाळा एकत्र कधी बघितलात?

पाना_१४_नंबर
बरं, ऊस काढा. बाकीचं राहू द्या.

गाळा_कांदा
थोरले, घाटाचा प्रश्नच येणार नाही, कारण गणित आधीच मोडतं. आमच्याकडे कांदा मोठ्या ट्रकमधून येतो, एका गाडीत दहा-पंधरा टन, त्यामुळे किलोमागे भाडं पैशांत बसतं. तुम्ही चोवीस गोण्यांसाठी जुन्नर ते गिरगाव डिझेल जाळणार, टोल भरणार, ड्रायव्हरची रात्र धरणार, आणि जाताना गाडी रिकामी. वाचलेली दलाली तिथेच जाते. शिवाय लिलावात लॉट घ्यावा लागतो. त्यातला मध्यम आणि गोलटी, म्हणजे बारीक, माल कोणाला विकणार? हॉटेलवाला एकाच मापाचा मोठा कांदा मागतो, चिरायला सोपा. तुर्भ्यात तुम्ही निवडून चोवीस गोणी उचलता, ती सोय ओतूरला मिळेल का? थेट माल आणायचा असेल तर चार-पाच जण मिळून मोठी गाडी भाड्याने करा. त्यासाठी पिकअपही लहानच पडते.

खेतवाडीकरचा_थोरला
रिकामी का जाईल? इथून किराणा नेता येईल.

गाळा_कांदा
किराणा देणारा ठरलाय का, की ‘मिळेल’?

खेतवाडीकरचा_थोरला
बोलणं चालू आहे.

डबल_पाटा
म्हणजे नाही 😄

हौदावाली
आमच्या भागाचं अजून एक. प्रभादेवीचा पूल सप्टेंबर २०२५पासून पाडकामासाठी बंद आहे, शीवचा त्याच्या आधीपासून, ऑगस्ट २०२४पासून. लालबाग-दादरची सगळी गर्दी टिळक पूल आणि करी रोडवर आलीय. गाडी तिथे रांगतेच, टॉर्क कितीही असला तरी. त्या रांगेत लहान गाडीचा एकच फायदा: कंटाळा आला तर आतल्या रस्त्याने सुटता येतं. मोठीला तो पर्यायच नाही.

एक_पावसाळी
आणि पाण्याचं? इन्ट्राचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्त्यापासून गाडीच्या पोटाची उंची, १७५ मिलीमीटर. गांधी मार्केटला पाणी भरलं की पिकअपच बरी.

पाना_१४_नंबर
घोट्याभर पाण्यात पिकअप बरी, हो. गांधी मार्केटला कमरेएवढं भरतं तेव्हा दोन्ही एकाच टोइंगला लागतात.

खेतवाडीकर
सगळ्यांचे आभार. घरी काल यावरून पुन्हा वाजलं, पण या वेळी आकड्यांवर. थोरल्याने गावाचा मुद्दा मागे घेतलेला नाही. तूर्त एवढं कबूल केलंय की किराणा देणारा नक्की होईपर्यंत गाडी तुर्भ्याच्याच कामासाठी घ्यायची. मग मला इन्ट्रा पटते. सणाच्या जादा मालासाठी तेवढे दिवस भाड्याचा टेम्पो जोडायचा, वर्षभर मोठी गाडी पोसण्यापेक्षा ते परवडतं.

क्लचची भीती मात्र बसलीय. पाना दादांनी घातली. शोरूमवाला ट्रायलला गोणी भरून द्यायला तयार आहे. थोरला म्हणतो, भरून लालबागच्या पुलावर चढवून दाखव, मी शेजारी बसतो.

पाना_१४_नंबर
रिकाम्या वेळी नेऊ नका, सकाळी दहाला न्या. चढावर ट्रॅफिक तुम्हाला आपोआप थांबवेल. हँडब्रेक लावून तिथूनच पहिल्यात उचला. पाच-सहा वेळा उचलून क्लचचा जळका वास आला नाही तर खुशाल बुक करा. आला तर थोरल्याला चावी द्या.

खेतवाडीकरचा_थोरला
शनिवारी. गोणी मी मोजणार.