मदत हवी आहे: म्हशीच्या अंडपेशी कापताना फुटतात

नमस्कार मंडळी. म्हशीच्या क्लोनिंगची हातानं कापायची पद्धत (अंडपेशीतला केंद्रकाचा भाग ब्लेडनं हातानं कापून काढायचा) मुंबईत बसवायचं चाललंय. 2009 साली कर्नालच्या एनडीआरआयमध्ये (राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था) गरिमा ही क्लोन रेडी याच पद्धतीनं जन्मली. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुया हलवणारा महागडा मायक्रोमॅनिप्युलेटर लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

अंडाशयं देवनारच्या कत्तलखान्यातून थर्मासमध्ये, कोमट सलाइनमधून येतात. अंडपेशी 38.5 अंशांना, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये 22 तास पिकवल्या जातात. प्रोनेज या एन्झाइमनं झोना (अंडपेशीचं बाहेरचं कवच) नीट निघतो. म्हशीची अंडपेशी चरबीमुळे काळसर, केंद्रक थेट दिसत नाही. म्हणून डेमेकोल्सिन हे रसायन देऊन केंद्रकाच्या जागी वर आलेला उंचवटा पाहूनच ब्लेड चालवावं लागतं. नेमकी तिथंच पेशी फुटते. टिकलेल्या, केंद्रक काढलेल्या दोन तुकड्यांमध्ये दाता पेशी (ज्या जनावराचा क्लोन करायचा त्याची पेशी) धरून विजेचा झटका दिला, तर बऱ्याचदा एकच बाजू जुळते.

प्रोनेजमधून पेशी कधी बाहेर काढता, झोना पुरता विरघळल्यावर की आकार वेडावाकडा होताच? कापायच्या थेंबात सायटोकॅलासिन बी (पेशी लवचीक करणारं रसायन) किती ठेवता? झटक्याच्या वेळी दाता पेशी वीज देणाऱ्या तारेला चिकटलेली ठेवता की तारेपासून लांब? झटका देतानाच्या मॅनिटॉलच्या द्रावणात जास्त वेळ राहिल्यानं पेशी अशक्त होतात का, हेही सांगा.

डॉली या क्लोन मेंढीच्या वेळी पेशींच्या 277 जोडण्यांमधून 29 भ्रूण आणि एकच कोकरू हाती आलं. कमजोर भ्रूण म्हशीत सोडले तर गर्भपात आणि अडलेली वेत तिलाच सोसावी लागते. त्यामुळे सुधारणा डिशमध्येच व्हायला हवी. आकड्यांसह उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.