मदत हवी आहे : टॅक्स कोड १२५७एल चा ४७८एल झाला, महिन्याला १३० पौंड जास्त कापले जाताहेत (युके)

खिडकीतली_तुळस

नमस्कार मंडळी. या विषयावर आधी धागा असेल तर सांगा, हा उडवायला सांगते. मी शोधलं, पण जे सापडलं ते सगळं भारतातल्या टीडीएसबद्दल.

मी रेडिंगजवळ राहते. नोकरी एकच, पगार वर्षाला ३७,२०० पौंड. मार्चच्या पेस्लिपवर कोड १२५७एल होता आणि इन्कम टॅक्स ४१० च्या आसपास गेला होता. एप्रिल २०२५ च्या पेस्लिपवर कोड ४७८एल आणि टॅक्स ५४०. पगार वाढलेला नाही, ओव्हरटाइम नाही, काहीच नाही. पेरोलला विचारलं तर म्हणाले, कोड वरून येतो, आम्ही फक्त लावतो.

मग घरातला कागदांचा ड्रॉवर उपसला. त्यात सप्टेंबर २०२४ चं खाकी पाकीट निघालं, पी८०० नावाचं पत्र. तुम्ही २०२३-२४ मध्ये १,४०७ पौंड कमी कर भरलाय, असं त्यात लिहिलंय. तेव्हा मी ते वाचलं होतं. बिल येईल तेव्हा बघू म्हणून ठेवून दिलं आणि विसरले. बिल आलंच नाही, आला तो हा कोड.

त्या वर्षात मी नोकरी बदलली होती. सप्टेंबर २०२३ पर्यंत जुनी कंपनी, पगार ३३,०००. ऑक्टोबरपासून आताची, तेव्हा ३६,०००. जुन्या कंपनीचा पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार आणि कराचा दाखला) तीन आठवडे उशिरा आला, तोवर इथे जॉइन झाले होते. पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतला होता, त्यात ए, बी, सी असे पर्याय होते. मी ए वर खूण केली असावी असं अंधुक आठवतंय.

हा दंड आहे का? दोन्ही कंपन्यांनी दर महिन्याला टॅक्स कापला असताना कमी पडलाच कसा? आणि हे असं किती महिने चालणार? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

साबुदाणा_वडा

तुमच्यासारखीच गत आमच्या शेजाऱ्यांची झाली होती. उत्तर मलाही हवंय, वाचत राहतो.

गावठी_हिशेबनीस

माझ्या ऐकिवात ए१९ नावाची एक सवलत आहे. करखात्याकडे माहिती असून त्यांनी वेळेत वापरली नाही तर बाकी माफ होते. अर्ज करून बघा, गेला तर एक कागद.

पेरोलवाला

हिशेबनीस, ए१९ इथे लागू होणार नाही. माहिती ज्या करवर्षात मिळाली ते वर्ष संपल्यावर आणखी बारा महिने खातं गप्प बसलं, तरच ती सवलत मागता येते. इथे २०२३-२४ चं वर्ष ५ एप्रिल २०२४ ला संपलं आणि पत्र सप्टेंबरात आलंसुद्धा. शिवाय आपल्याला सगळं नीट भरलंय असंच वाटत होतं आणि तसं वाटायला रास्त कारण होतं, हेही दाखवावं लागतं.

तुळसताई, मी अकरा वर्षं पेरोलमध्ये आहे, असे फॉर्म रोज हाताळतो. आधी एक सांगा. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२३ च्या पेस्लिपा असतील तर टॅक्सच्या रकान्यात काय आहे ते बघा. माझा अंदाज, तिन्हीत शून्य.

खिडकीतली_तुळस

अहो खरंच शून्य आहे! तिन्ही महिने! जानेवारीत ३०५. तुम्हाला कसं कळलं? तेव्हा आम्हाला वाटलं नवी कंपनी चांगली आहे. दिवाळीत सोफा घेतला त्या पैशांतून.

पेरोलवाला

सोफ्याकडे नंतर येऊ :)

इथे करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, त्याला पर्सनल अलाउन्स म्हणतात. १२५७एल हा कोड म्हणजे तोच आकडा, शेवटचं शून्य काढून. तुमचा अलाउन्स बारा महिन्यांत वाटला जातो, साधारण महिन्याला १,०४७. आणि हिशेब एकेका महिन्याचा सुटा नसतो, ६ एप्रिलपासून साठत जातो. जूनमध्ये पेरोलचं सॉफ्टवेअर तीन महिन्यांचा पगार घेतं, तीन महिन्यांचा अलाउन्स वजा करतं, उरलेल्यावर कर काढतं आणि आधी कापलेला त्यातून वजा करतं.

आता ए, बी, सी. ए म्हणजे ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिली नोकरी. बी म्हणजे आता हीच एक नोकरी आहे, पण याच वर्षात आधी दुसरी होती. सी म्हणजे दुसरी नोकरी किंवा पेन्शन अजून चालू आहे. तुम्ही बी वर खूण करायला हवी होती. ए वर केल्यामुळे नव्या कंपनीला वाटलं, ही बाई एप्रिल ते सप्टेंबर घरी होती. ऑक्टोबरात त्यांनी सात महिन्यांचा अलाउन्स दिला, ७,३०० च्या वर. पगार होता ३,०००. कर शून्य. नोव्हेंबरात ६,००० पगार, ८,३८० अलाउन्स. शून्य. डिसेंबरात ९,००० आणि ९,४२७. पुन्हा शून्य. जानेवारीत पगार १२,००० झाला आणि अलाउन्सच्या पुढे गेला, तेव्हा कर सुरू झाला.

पण पहिल्या सहा महिन्यांचा अलाउन्स जुन्या कंपनीने आधीच दिला होता. ६,२८५ पौंड दोनदा करमुक्त झाले. त्याचे २० टक्के म्हणजे १,२५७. हा दंड नाही, त्यावर व्याजही नाही. त्या तीन महिन्यांत हातात जास्त आलेले पैसे आता परत जाताहेत, एवढंच.

मात्र पत्रात १,४०७ आहे. माझ्या हिशेबाने १५० जास्त. पत्राच्या आतल्या पानावर पगाराखेरीज आणखी काही ओळ आहे का?

औंधचा_पोपट

पुण्यातही हाच खेळ आहे बरं का. अर्ध्या वर्षात कंपनी बदलली आणि नव्या कंपनीला जुना पगार कळवला नाही, की दोन्ही कंपन्या स्वतंत्रपणे स्टँडर्ड डिडक्शन आणि शून्य कराचा स्लॅब देतात. मग जुलैत रिटर्न भरताना सीए फोन करतो, साहेब एवढे भरा, वर आगाऊ कर कमी भरल्याचं व्याज. मी एकदा या खड्ड्यात पडलोय.

पेरोलवाला

अगदी तेच, पोपटराव. फरक इतकाच की भारतात रिटर्न भरताना चूक स्वतःच्या हाताने सापडते. इथे बहुतेक नोकरदारांना रिटर्न भरावंच लागत नाही. जमाखर्च वर्ष संपल्यावर खातंच जुळवतं आणि तफावत दिसली की पी८०० पाठवतं. बाकी ३,००० पौंडांच्या आत असेल तर सहसा बिल येत नाही, पुढच्या एप्रिलपासून कोड कमी करून वसूल होते. म्हणून इथे आलेल्या आपल्या माणसांना मी सांगतो, रिटर्न नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कोडची चिठ्ठी वाचा. तुमचं रिटर्न तेच.

खिडकीतली_तुळस

सापडलं! आतल्या पानावर बँकेचं व्याज १,७५० लिहिलंय. ते घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले पैसे होते. पण बँकेने त्यावर टीडीएससारखं काही कापलं नव्हतं, मला वाटलं इथे व्याजावर कर नसतो.

पेरोलवाला

बँक आता कापत नाही, पण व्याजाचा आकडा करखात्याला कळवते. २० टक्क्यांच्या पट्टीत असलेल्याला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज माफ, ४० टक्क्यांत गेलेल्याला ५००. तुमचे १,७५० मधून हजार गेले, उरलेल्या ७५० चे २० टक्के १५०. अधिक १,२५७. झाले १,४०७. पत्र बरोबर आहे.

आता कोड. १,४०७ पौंड कर वर्षभरात जास्त कापायचा, तर अलाउन्स त्याच्या पाचपट कमी करावा लागतो, कारण कर पाचवा हिस्सा. म्हणजे ७,०३५. १२,५७० वजा ७,०३५ म्हणजे ५,५३५, कोड व्हायला हवा ५५३एल. तुमचा आहे ४७८एल. आणखी ७५० कमी झालेत. आकडा ओळखीचा वाटतो का?

साबुदाणा_वडा

७५० म्हणजे तेच व्याज. ते दोनदा का घेतलं?

पेरोलवाला

दोनदा नाही. पहिलं २०२३-२४ चं, होऊन गेलेलं. हे दुसरं चालू वर्षाचं, अंदाजाने धरलेलं. मागे एवढं व्याज आलं, यंदाही येईल असं गृहीत धरतात. तुळसताई, ते पैसे अजून बँकेत आहेत का?

खिडकीतली_तुळस

कुठले हो. नोव्हेंबर २०२४ मध्ये घर घेतलं, सगळे त्यात गेले. आता बचत खात्यात चारशे पौंडसुद्धा नसतील.

पेरोलवाला

मग यंदाच्या व्याजाचा अंदाज चुकीचा आहे आणि तो तुम्हीच सुधारून घ्यायचा. फोन करा किंवा गव्ह.युके वर पर्सनल टॅक्स अकाउंट उघडून तिथून कळवा. नॅशनल इन्शुरन्स नंबर, पी६० (कंपनी देते तो वर्षभराच्या पगार आणि कराचा दाखला) आणि शेवटची पेस्लिप हाताशी ठेवा. बोलताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. १,४०७ मान्य आहेत, तक्रार फक्त यंदाच्या ७५० बद्दल आहे. लोक सगळं एका दमात सांगतात आणि समोरच्याला कळत नाही नक्की काय बदलायचं.

कोड ५५३एल झाला की कापणी नेहमीपेक्षा महिन्याला ११७ जास्त राहील, आत्तासारखी १३० नाही. तोवर साडेबारा पौंडांनी जास्त गेलेले पैसे पुढच्या पेस्लिपमध्ये आपोआप परत येतील, कारण हिशेब साठत जाणारा आहे. एक मात्र बघा, कोडच्या पुढे एम१ किंवा एक्स लागलं तर हिशेब साठत नाही, मग परतही येत नाही.

ते ११७ जड जात असतील तर वसुली तीन वर्षांपर्यंत विभागून मागता येते, अडचण पटवून द्यावी लागते. एकरकमी भरायची इच्छा असेल तर तेही विचारता येतं. पण व्याजच नसताना आधी भरून मिळवायचं काय? मी तर हप्तेच चालू ठेवीन.

गावठी_हिशेबनीस

ए१९ बद्दल माझी गफलत झाली, मान्य. पण एक भर घालतो. ते बचत खातं तुमच्या एकटीच्या नावावर होतं का? नवराबायकोचं जॉइंट असतं तर व्याज निम्मं निम्मं धरतात. ८७५ आणि ८७५, दोघंही हजाराच्या आत, कर शून्य.

खिडकीतली_तुळस

खातं उघडलं तेव्हा हे पुण्यात होते, व्हिसा व्हायचा होता. हे आल्यावर नाव घालू घालू म्हणत राहिलो. १५० पौंडांचा आळस.

साबुदाणा_वडा

थोडं अवांतर. माझी मुख्य नोकरी वेअरहाउसमध्ये, कोड १२५७एल, पगार २६ हजार. रविवारी एका दुकानात काम करतो, तिथे कोड बीआर आहे आणि पहिल्या पौंडापासून टॅक्स जातो. दुकानवाल्याची चूक आहे का?

पेरोलवाला

नाही, बरोबर आहे. तुमचा अलाउन्स वेअरहाउसच्या पगारात संपला. बीआर म्हणजे इथे अलाउन्स नाही, सरळ २० टक्के कापा. काळजी कधी करायची, तर दुकानातही १२५७एल दिसला तर. तेव्हा हातात जास्त येईल आणि दीड वर्षाने असाच धागा काढाल.

औंधचा_पोपट

माझ्या मेहुण्याचा कोड के ने सुरू होतो म्हणे. तो लंडनला असतो, कंपनीची गाडी आहे. घाबरलाय.

पेरोलवाला

गाडीच्या सोयीचं वर्षाचं करपात्र मूल्य अलाउन्सपेक्षा जास्त भरलं की अलाउन्स उणे होतो, तेव्हा के लागतो. घाबरायचं नाही, पण कोड काढताना धरलेली गाडी आणि प्रत्यक्षातली गाडी एकच आहे ना ते बघायला सांगा. गाडी परत करूनही कोडमध्ये राहिलेली मी पाहिली आहे. कितीही के असला तरी पगाराच्या निम्म्याहून जास्त कर कापता येत नाही.

तुळसताई, आणखी एक. सध्या तुमच्यासारख्यांना टॅक्स परत मिळेल, लिंक दाबा असे मेसेज येतात. दाबू नका.

खिडकीतली_तुळस

मेच्या मध्यावर फोन केला, तुम्ही सांगितलं तसंच बोलले. १,४०७ मान्य, ७५० नाही. पलीकडच्या बाईंनी पैसे खात्यातून कधी गेले आणि आता साधारण किती व्याज येईल एवढंच विचारलं. नवी चिठ्ठी पाठवते म्हणाल्या. मेचा पगार मात्र जुन्याच कोडने आला.

खिडकीतली_तुळस

धागा वर काढतेय, अपडेट द्यायला. जूनची पेस्लिप आली. कोड ५५३एल, पुढे एम१ वगैरे काही नाही. टॅक्स ५०३. मी घाबरले की हे ५२८ का नाहीत, मग ह्यांनी कागदावर मांडलं, एप्रिल आणि मेचे साडेबारा साडेबारा परत आलेत. पेरोलवालादादा, मनापासून आभार. तुमच्याइतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

माझी मावसबहीण ऑगस्टमध्ये नोकरी बदलतेय. तिला फोन करून सांगितलं, पी४५ आला की त्याच दिवशी नव्या पेरोलला दे, आणि नाही आला तर बी. ती म्हणाली, बी काय?

पेरोलवाला

छान. आता पुढच्या वर्षी मार्चच्या आसपास येणारी चिठ्ठी तेवढी उघडा. त्यात पुन्हा १२५७एल दिसायला हवा.

आणि तो सोफा कसा आहे?

खिडकीतली_तुळस

मधे बसलं की खचतो. अजून नऊ हप्ते आहेत.