एसी, वायरी, माणसं पुसून काढलेले बिल्डिंगचे फोटो: बरोबर की खोटेपणा?

तिरकीरेघ: अहमदाबादला आश्रम रोडवर मिलमालक संघटनेची बिल्डिंग आहे, आत्मा हाऊस, ल कॉर्बुझिए या परदेशी आर्किटेक्टची, १९५४ ची. तिचे नेटवर फोटो बघा, सगळे एकाच छापाचे. ब्लॅक अँड व्हाइट, आभाळ काळंकुट्ट, काँक्रीटच्या पट्ट्या आणि माणूस औषधालाही नाही. त्या काळातली कुठलीही बिल्डिंग घ्या, वायरी, एसी, स्कूटरी सगळं सॉफ्टवेअरमध्ये पुसायचं ही फॅशनच झालीय. माझं मत, हे खोटं आहे. आत्मा हाऊसच्या पट्ट्या रस्त्याकडून, म्हणजे पश्चिमेकडून, तिरप्या आहेत कारण दुपारचं ऊन आणि रस्त्यावरच्यांच्या नजरा दोन्ही अडवायच्यात, आणि नदीच्या बाजूला त्याच सरळ आहेत, वारा आत यावा म्हणून. म्हणजे आत बसणाऱ्याला उकडू नये यासाठी एवढा खटाटोप, आणि फोटोतून नेमका आत बसणाराच गायब!

पंधरा_एमएम: फोटो म्हणजे पंचनामा नव्हे हो. वायर मध्ये आली की पट्टीची सावली तुटते, मग तुम्ही म्हणता तो तिरपेपणा दिसणार कसा? आणि दिल्लीच्या प्रगती मैदानातलं प्रदर्शनाचं दालन, हॉल ऑफ नेशन्स, आठवा. राज रेवाल यांचं डिझाइन, स्ट्रक्चर महेंद्र राज यांचं, १९७२ चं काम, एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडलं. आता ते बघायचं तर मदन महत्तांचे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटोच बघावे लागतात. तेव्हा फ्रेम स्वच्छ ठेवणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी जरा विचार करा.

तिरकीरेघ: महत्तांनी बिल्डिंगा नव्या असताना काढले हो ते फोटो. पन्नास-साठ वर्षं वापरलेली बिल्डिंग काल बांधल्यासारखी दाखवायची हे वेगळं. आयआयएम अहमदाबादचंच घ्या. लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टच्या १८ पैकी १४ हॉस्टेल पाडायचा बेत डिसेंबर २०२० मध्ये बाहेर आला तेव्हा लोक दचकले, कारण आपण सगळ्यांनी फक्त विटांच्या गोल कमानी बघितलेल्या, फुटलेल्या विटा आणि गळकी छतं कुणी दाखवलीच नव्हती. जगभरातून ओरड झाली, १ जानेवारी २०२१ ला बेत मागे घेतला, पण २०२२ ला पुन्हा तेच सुरू झालं. खराब झालेला भाग वेळेत दिसला असता तर दुरुस्तीबद्दल आधीच बोलणं झालं असतं.

उन्हाळी_काकू: चंदीगडचं सांगते, तिथे माणूस नसणं खोटं नाहीये. कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे कॉर्बुझिएच्याच विधानसभा, हायकोर्ट, सेक्रेटरिएटच्या आवारात, ओळखपत्र दाखवून गाइडबरोबर ग्रुपनेच जायचं, मनात आलं म्हणून कुठेही भटकता येत नाही. १९९५ मध्ये सेक्रेटरिएटच्या दारातच मुख्यमंत्री बेअंतसिंगांना बॉम्बस्फोटात मारलं, त्यानंतर बंदोबस्त कडक. ज्या चौकात लोकांनी हिंडावं अशी कल्पना होती तिथे कुंपण आणि पोलीस. आता यात फोटोवाल्याने काय करायचं?

तिरकीरेघ: काकू, मग ते कुंपण घ्या ना फ्रेममध्ये! लोक नेमकं तेच कापतात आणि ओपन हँड, तिथलं उघड्या पंजाचं शिल्प, तेवढं ठेवतात.

सिव्हिलवाला: तुमचं चालू द्या, पण मुळात हे बघायला जायचं कशाला? काँक्रीट ओतायच्या शटरिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच सोडलेले, पाण्याचे काळे ओघळ, आमच्या साइटवर असं काम झालं तर बिल पास होत नाही. परदेशी माणसाने केलं की वारसा.

आचऱ्याची_लेक: परदेशी?? आर्किटेक्ट अच्युत कानविंदे आमच्या कोकणातल्या आचऱ्याचे, जेजेत शिकले, मग हार्वर्डला ग्रोपियस या नामांकित आर्किटेक्टच्या हाताखाली, आणि आयआयटी कानपूरचा कॅम्पस त्यांचा. वीट आणि उघडं काँक्रीट, आणि उन्हापावसात मुलांनी सावलीतून जावं म्हणून दोन मजली रस्ते. कॅमेरे घेऊन सगळे चंदीगडला पळतात, कानपूरला कोण जातं सांगा. मराठी माणसांनी तरी जावं. आणि ठसे मुद्दाम ठेवलेत दादा, हात लावून बघा, लाकडाच्या रेषासुद्धा कळतात. ओघळांचं मात्र मान्य, त्यावर ॲसिड मारून घासणाऱ्यांना आवरा आधी.

पंधरा_एमएम: कानपूरला येतो मी, पण वायर पुसणार. ज्यांना वायरीसकट हवाय त्यांना रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, देईन.

तिरकीरेघ: चालेल. फक्त फोटोखाली लिहा, वायर पुसली म्हणून.

पंधरा_एमएम: लिहिणार नाही. पोर्ट्रेटखाली कुणी लिहितं का, पिंपल काढला म्हणून?